माळ्यावरून सोडलेले चित्र

सन २००६ च्या एप्रिल महिन्यात आमच्या घरात सात माणसे, एक चूल आणि एक टीव्ही अशी स्थिती होती. पैकी माणसे आणि चूल यांविषयी कोणाची तक्रार नव्हती. तक्रार टीव्हीविषयी होती, आणि ती दररोज सायंकाळी सात वाजता माजघरात सुरू होऊन जेवणाच्या ताटांवर संपत असे. माझी बारकी आत्या कीर्तन लावी, धाकटा भाऊ देवजी क्रिकेट लावी, त्याची पत्नी समीक्षा मालिका लावी, आणि मी घरातील कर्ता या नात्याने बातम्या लावून सर्वांना समान असमाधान देत असे.

आमच्या शेणवा गावात एकत्र घर कसे फुटते, याचा मी बारकाईने अभ्यास केलेला आहे. प्रथम धाकटा भाऊ आपल्या खोलीत आपला टीव्ही आणतो. टीव्ही आला की दार लोटले जाते. दाराआड चहा होऊ लागतो, चहामागून भात येतो, आणि भात शिजला की शहापूरच्या कार्यालयात वेगळ्या रेशनकार्डाचा अर्ज जातो. आमचे वडील धाऊ हे त्या वेळी पंचाहत्तरीला आले होते. त्यांनी मला एकदाच सांगितले होते, "कमळ्या, मी हाय तवर एक चूल ठेव. मंग काय ते करा." मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

सबब, देवजी एके दिवशी "दादा, मी टीव्ही घेतोय" असे म्हणाला, तेव्हा मला थेट शहापूरचा अर्ज दिसू लागला.

"कशाला?" मी विचारले.

"म्यॅच रंगात आली का आत्या कीर्तन लावते. माणसानी बघायचं कसं? माझ्या खोलीत लावतो, कोणाला तरास नाय."

"आज टीव्ही घेशील, उद्या शेगडी घेशील."

"शेगडीचा काय संबंध?"

दारामागून समीक्षा म्हणाली, "संबंध हाय ना. चहा तरी लागंल."

मी देवजीकडून एक महिन्याची मुदत मागून घेतली.

येथे माझ्या पात्रतेविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. मी भातसानगर येथे कालव्यावर चौकीदार आहे. शिक्षण नववी, तेही काठावरून अलीकडे. तथापि बावीस वर्षे साहेबांची पत्रे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पोहोचवताना मी ती वाटेत वाचीत असे, त्यामुळे माझी भाषा माझ्या शिक्षणाच्या बरीच पुढे निघून गेली. पाणी एका ठिकाणी साठवून अनेकांना कसे वाटावे, हे मी रोज पाहत होतो. मला प्रश्न पडला की जे पाण्याचे होते, ते चित्राचे का होऊ नये? घरात सेट टॉप बॉक्स एकच असावा, कौलांवरची डिशची छत्री एकच असावी, मात्र टीव्ही प्रत्येक खोलीत असावा. मग वेगळे होण्यास कारणच उरणार नाही.

या कामी मी साईनाथला बोलावले. साईनाथ आमच्याच गावचा, शहापुरात कार्यालयांतून कॉम्प्युटरच्या तारा टाकणारा, सव्वीस वर्षांचा आणि दोन मुलांचा बाप. त्याच्यापाशी एका कार्यालयाच्या कामातून उरलेल्या निळ्या तारेचे वेटोळे होते.

"काका, या तारेत आठ बारीक तारा हायत, दोन-दोनच्या चार जोड्या," तो तारेचे टोक सोलून म्हणाला. "एका जोडीवर चित्र, दोन जोड्यांवर आवाज, डावा आणि उजवा. इकडं एक डबी, तिकडं एक डबी, मधी नुसती तार. शंभर मीटरपर्यंत कायपण अडचण नाय."

"आणि चौथी जोडी?"

"ती मोकळी ऱ्हाते."

"ती राखीव समजावी," मी म्हणालो. योजना मला पटली.

मतभेद झाला तो मुखाविषयी, म्हणजे जेथून चित्र सोडायचे त्या जागेविषयी. साईनाथचे म्हणणे, बॉक्स माजघरात ठेवावा. माजघर हे आमच्या घरातील सर्वांत सखल ठिकाण आहे. मी त्याला समजावले की मुख नेहमी उंचावर असते, खाली असलेल्या मुखातून वर काही चढत नाही. माजघरावरील माळा, जेथे आम्ही भाताचे बियाणे ठेवतो, ती जागा मी निश्चित केली.

"काका, हे पाणी नाय. हा करंट हाय."

"साईनाथ, करंटसुद्धा धरणातूनच निघतो."

त्याने वर माळ्याकडे व नंतर माझ्याकडे पाहिले, आणि तो शिडी चढू लागला. सर्व तारांना माळ्यापासून खोल्यांकडे व्यवस्थित उतार द्यावा, अशीही मी सूचना केली. तीही त्याने पाळली. शिकलेल्या माणसाने अनुभवापुढे नमते घेतलेले पाहून मला समाधान वाटले.

अशा रीतीने पाच जुने संच मिळवून ते माजघर, देवजीची खोली, माझी मुलगी प्रियांका हिची अभ्यासाची खोली, आत्याची पडवी आणि स्वयंपाकघर येथे बसवण्यात आले. वडिलांच्या हस्ते नारळ फुटला. चार संचांवर एकाच क्षणी एकच चित्र उमटले. स्वयंपाकघरातील पाचव्या संचावर केवळ मुंग्या दिसल्या. साईनाथ म्हणाला, "टोकाची डबी सैल हाय, उद्या येतो." मी त्याला येऊ दिले नाही. कोणत्याही कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ज्याला आम्ही टेल म्हणतो, पाणी पोहोचलेले मी बावीस वर्षांत पाहिले नव्हते. त्यामुळे स्वयंपाकघर कोरडे राहिले, यातच मला काम नियमानुसार झाल्याची खूण दिसली. माझी पत्नी राही एवढेच म्हणाली, "माझ्याच वाटेला मुंग्या का, ते समजलं."

उद्घाटनानंतर दोन बाबी निदर्शनास आल्या. एक अशी की, चारही खोल्यांत तेच चित्र दिसते. म्हणजे पूर्वी जे भांडण एका खोलीत होत असे, ते आता सर्व खोल्यांना पुरवले जाऊ लागले. दुसरी अशी की, रिमोटचा किरण माळ्याच्या फळ्यांतून आरपार जात नाही. चॅनेल बदलायचे तर कोणीतरी माळ्यावर असले पाहिजे.

पहिल्या बाबीवर मी पाणीवाटपाचा उपाय केला. कार्यालयात पाणी मागणीचे कोरे अर्ज पडून होते, ते मी आणले. ज्यास जे पाहायचे, त्याने आदल्या दिवशी दुपारपर्यंत अर्ज करावा. अर्जातील 'पीक' या शब्दावर काट मारून 'कार्यक्रम' असे लिहिले, बाकी मजकूर तसाच ठेवला. समीक्षाने पहिल्याच अर्जात कार्यक्रमाच्या रकान्यात 'सासू-सुनेची मालिका' आणि हंगामाच्या रकान्यात 'बारमाही' असे भरले. देवजीने 'जमिनीचा प्रकार' या रकान्यात 'माझी अर्धी' असे लिहिले. आत्याला लिहिता येत नसल्याने तिने अंगठा दिला व तोंडी म्हणाली, "माझ्या मागनीत देव हाय. ती मागं ठेवशील तर बघ." मी सर्व अर्ज नोंदवून मंजूर, अंशतः मंजूर व विचाराधीन असे शेरे मारले, खाली 'क. धा. विशे' अशी सही केली, आणि आठवड्याचे आवर्तन, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, माजघराच्या भिंतीवर लावले.

दुसऱ्या बाबीसाठी माळ्यावर माणूस नेमणे आवश्यक होते. तो कोणत्याही बाजूचा नसावा, त्यास अन्य काम नसावे आणि त्याने सर्वांचे ऐकावे. असा माणूस घरात एकच होता. वडिलांनी कुरकूर केली नाही. ते म्हणाले, "वर बसलो तर घर ऱ्हाईल ना एक?" मी हो म्हणालो. ते रोज सहा वाजता शिडी चढत आणि दहाला उतरत. जेवण टोपलीत घालून दोरीने वर जाई व रिकामी टोपली खाली येई. माळ्यावरही एक संच द्यावा असे प्रियांकाचे म्हणणे पडले, "आज्याला पण दिसू दे ना काहीतरी." ते मी अमान्य केले. धरणाच्या कुशीतील गावांनी त्या धरणाचे पाणी मागू नये, ते लांब जाण्यासाठीच असते, हा मोठ्या योजनांचा पाया आहे, आणि आमची योजना काही लहान नव्हती. वडील अंधारात रिमोट घेऊन बसत आणि खालून हाक आली की बटण दाबत.

योजना यशस्वी झाली. भांडणे थांबली. त्याचे कारण असे की भांडण्यास समोर कोणी राहिले नाही. ज्याच्या खोलीत संच, तो तेथेच जेवू लागला. राही एका चुलीवरचा भात चार ठिकाणी वाहू लागली.

"अवो, चूल एक हाय, पन पंगती चार झाल्या," ती एकदा दारात ताट घेऊन म्हणाली. "माझे पाय मोजा जरा."

"चूल एक आहे हे तू मान्य करतेस ना?" मी विचारले.

"करते."

"मग योजनेचा उद्देश सफल आहे."

तिने ताट माझ्यापुढे ठेवले. नेहमीपेक्षा जरा आवाज करून ठेवले, एवढेच.

त्या काळी आमच्याकडे भारनियमन कडक होते. सायंकाळी दीड तास वीज जाई. तेवढ्या वेळात सगळे ओट्यावर येऊन बसत, वडीलही शिडी उतरून येत, आणि देवजी व मी चक्क भाताच्या बियाण्यावर बोलत असू. एकदा समीक्षा व राही कशावरून तरी इतक्या हसल्या की वीज आल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि मालिकेची नऊ मिनिटे वाया गेली. हा सेवेतील गंभीर खंड होता. मी इन्व्हर्टर बसवून तो दूर केला. त्यानंतर ओट्यावर कोणी आले नाही, आणि माझ्या नोंदवहीत खंडाच्या रकान्यात सलग शून्य पडू लागले.

पुढे ताट खोलीत येईपर्यंत भात गार होतो, अशी समीक्षाची तक्रार आली. तीत तथ्य होते, अंतर खरोखर वाढले होते. तिने खोलीत छोटी गॅसची शेगडी आणली. माझी झोप उडाली. वडिलांना दिलेला शब्द आणि ती शेगडी यांचा मेळ कसा घालावा, यावर मी दोन दिवस विचार केला, आणि अखेर तिची नोंद 'पूरक उष्णता केंद्र' अशी केली. चूल एकच राहिली. त्या केंद्रावर पहिल्या दिवशी अन्न गरम झाले, चौथ्या दिवशी आमटी झाली आणि दहाव्या दिवशी भात झाला. देवजी मला म्हणाला, "दादा, आता वेगळं व्हायचं कायच कारण ऱ्हायलं नाय बघ. बरं झालं." तो हे मनापासून म्हणाला.

एका सायंकाळी वडिलांनी वरून मला हाक मारली. आमच्या घराच्या भिंती कौलांपर्यंत गेलेल्या नाहीत. माळ्यावर बसले की सर्व खोल्यांतील माणसे वरून दिसतात, संचांचे पडदे मात्र नाहीत.

"कमळ्या, गंमत सांगू? सगळी एकदम हसतात. तिकडं देवजी, हिकडं पोरगी, पडवीत बारकी. एकाच टायमाला. वरून बघितलं का घर एक वाटतं." मग ते म्हणाले, "फकस्त मला समजत नाय, कशाला हसली ती."

मी हे वाक्य योजनेच्या उपयुक्ततेचा दाखला म्हणून नोंदवहीत उतरवून घेतले. त्यातील शेवटचा भाग गाळला.

भाद्रपदात वडील बांधावर भिजले व त्यांच्या अंगात कसर आली. तरी ते सहा वाजता वर गेले. सव्वासातच्या सुमारास त्यांची हाक आली, "कमळ्या, मला खाली घ्या रे." ही हाक चारही खोल्यांत स्पष्ट ऐकू गेली, याविषयी पुढे कोणाचे दुमत झाले नाही. मी माजघरात होतो. शिडी माझ्यापासून पाच पावलांवर होती. परंतु हाक सर्वांनी ऐकलेली आहे, तेव्हा कोणीतरी उठेल, असे मला वाटले, आणि बातम्यांत त्या वेळी जिल्ह्यातील जलसाठ्याची टक्केवारी चालली होती.

दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा देवजी आपल्या खोलीतून ओरडला, "बाबा, जरा आवाज वाढवा, तुमच्या बोलन्यात काय ऐकू येत नाय."

वडील आयुष्यभर सांगितलेले ऐकत आले होते. त्यांनी आवाज वाढवला. त्यामुळे त्यानंतरच्या त्यांच्या हाका कोणासच ऐकू आल्या नाहीत.

साडेसातला बातम्या संपल्या. मालिका लागली नाही. तिच्या जागी मोठ्या आवाजात भुईमुगावरील रोगांची माहिती चालू राहिली. प्रथम खोल्यांतून ओरडा झाला. नंतर ठरलेल्या पद्धतीप्रमाणे माझ्याकडे लेखी तक्रारी आल्या. समीक्षाची, देवजीची, आत्याची अंगठ्याची, अशा तीन. चौथी माझी स्वतःची होती, ती मी माझ्याच नावे लिहून माझ्याकडे दाखल करून घेतली. चारही तक्रारींचा आशय एकच होता, की माळ्यावरील कर्मचारी कर्तव्यात कसूर करीत आहे. तक्रारींवर कार्यवाही दुसऱ्या दिवशी सकाळी करण्याचा नियम होता, व तो मीच केलेला होता.

राहीकडे मुंग्या होत्या. तिला पाहण्यासारखे काहीच नसल्याने तिचे लक्ष टोपलीकडे होते. टोपली शिडीखाली तशीच होती, दोरी कोणी ओढली नव्हती. ती हातातला पळा घेऊनच शिडी चढली आणि वरून म्हणाली, "अवो, बाबांचं अंग भाजतंय. जीप बघा." हे वाक्य तिने ओरडून म्हटले नाही. तरी भुईमुगाच्या आवाजातून ते सर्वांना ऐकू आले.

शहापूरला चार दिवस सलाइन चालले. न्युमोनिया होता. डॉक्टरांनी विचारले, "इतका ताप, घरात कोणाला समजलं नाही?" देवजीने खाली पाहिले. मी सांगू लागलो की घरात माहिती वितरणाची उत्तम सोय आहे, पण राहीने माझ्या सदऱ्याची बाही ओढली.

घरी आल्यावर मी रीतसर चौकशी केली. सर्वांचे जबाब घेतले, माझाही घेतला. प्रत्येकाने हाक ऐकली होती आणि प्रत्येकाला दुसरा अधिक जवळ असल्याची खात्री होती. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की जबाबदारी सर्व खोल्यांत समान प्रमाणात वितरित झाल्याने कोणाच्याही वाट्याला मोजण्याइतकी आली नाही. कोणी दोषी आढळले नाही. हा अहवाल मी वडिलांना खाटेपाशी बसून वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झालं."

"मंग आता मला वेगळा काढ."

देवजी ताडकन उभा राहिला. "बाबा, असं काय बोलता? बापाला कोण वेगळा काढतं? लोक शेन घालतील तोंडात."

"तुमी सगळी कवाच निघालात रे," वडील म्हणाले. "घरात मी एकटाच ऱ्हायलोय. म्हणून म्हणतो, मलापन काढा."

पडवीतून आत्याच्या नाक ओढण्याचा आवाज आला.

वडिलांनी खळ्याजवळच्या खोपटात तीन दगड मांडले. राही दुपारी तेथे भाकरी थापू लागली, कारण तिच्या मते तेथे चालणे कमी पडे. संध्याकाळी प्रियांका अभ्यासाचे पुस्तक घेऊन जाऊ लागली. मग देवजी "बाबांना बघून येतो" म्हणून जाई, तो जेवूनच परत येई. समीक्षाने महिन्याभरात एकही मागणी अर्ज भरला नाही. आत्याची खाट तर उचलूनच नेली. माजघरात मी एकटा उरलो. माळ्यावर कोणी नसल्याने चॅनेल बदलत नसे, व मी भुईमुगाविषयी जिल्ह्यात कोणास नसेल इतकी माहिती मिळवली.

योजनेचा लाभ ज्या ठिकाणी पोहोचत नाही, तेथे लोक गोळा होतात, याचा अर्थ त्या ठिकाणी सोय पोहोचवणे निकडीचे आहे, असा मी काढला. खोपट घरापासून साठ पावलांवर, म्हणजे मर्यादेच्या आत होते. साईनाथकडून मी नवी तार आणवली. तो म्हणाला, "काका, ऱ्हाऊ द्या ना तेवढं एक ठिकाण." मी ऐकले नाही. तार ओढली, संच ठेवला, आणि चित्र अत्यंत स्वच्छ आले, माजघरापेक्षाही.

तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा वडिलांनी तार कोयत्याने तोडून तिचे हात-हात लांबीचे तुकडे केले होते आणि ते पेंढ्याचे भारे बांधीत बसले होते. देवजी भारे रचत होता, समीक्षा तुकडे हातात देत होती. "बांधनी पक्की बसते," वडील म्हणाले. "चांगली हाय तुझी तार. बस, एक टोक धर." मी टोक धरले. त्या वेळी घरात इन्व्हर्टरवर चारही संच चालू होते आणि पाहण्यास कोणी नव्हते. विसर्ग सुरळीत होता.

ही हकीकत वाचून आपणांस माझे हसू आले असेल. ते योग्यच आहे, मलाही येते. केवळ एक माहिती हवी आहे, सवडीने कळवावी. आपण हे वाचीत असताना पलीकडच्या खोलीतून आपल्याला मघाशी एक हाक आली होती. दुसरे कोणीतरी ओ देईल असे समजून आपण येथवर वाचीत आलात, तर ती ओ कोणी दिली?